‘युरोपियन पाथवे’चे पैसे भरण्याआधी : अमेरिकेतल्या मराठी आईबाबांना खुलं पत्र

अमेरिकेत सॉकर खेळणाऱ्या मुलामुलींच्या मराठी आईबाबांनो,

सप्रेम नमस्कार.

मे महिना जवळ आला की ट्रायआउटच्या ईमेल सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग ती रंगीत पत्रकंही. ‘युरोपियन पाथवे’, ‘प्रो स्काउट शोकेस’, ‘स्पेनमध्ये दहा दिवस, नामांकित क्लबच्या मैदानावर सराव’. काही हजार डॉलर, विमानाचं तिकीट वेगळं. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, “यांच्याबरोबर कुणी पाठवलंय का? वर्थ आहे का?” मी मूळचा कोल्हापूरचा, आता न्यू जर्सीत शनिवार-रविवारी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न फिरत फिरत माझ्यापर्यंत येतोच. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये पैसा क्लबकडून खेळाडूकडे जातो. जिथे तो तुमच्या क्रेडिट कार्डावरून क्लबकडे जातो, तिथे तुमचं मूल सहलीला चाललेलं असतं. सहलीला माझी ना नाही. बार्सिलोना सुंदर शहर आहे, मुलांना कॅम्प नोऊ दाखवावं, खावं, प्यावं, यावं. पण त्या पैशांनी मूल युरोपातल्या करिअरच्या एक पायरी जवळ गेलं असं कुणी सांगत असेल, तर त्याला फिफाच्या नियमावलीतलं एकोणिसावं कलम वाचून दाखवायला सांगा.

ते कलम असं. खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी व्हायची तर त्याला अठरा वर्षं पूर्ण झालेली हवीत. अपवाद आहेत, पण मोजके. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील तर चालतं. मूल सीमेला लागून राहत असेल आणि क्लबही सीमेपलीकडे जवळच असेल तर चालतं. निर्वासित मुलांसाठी वेगळी सोय आहे. आणि युरोपीय संघातल्या देशांच्या आपसातल्या बदल्यांना किमान वय अठराऐवजी सोळा आहे. युरोपीय पासपोर्ट असलेल्या अमेरिकन मुलांना याच सवलतीचा फायदा मिळतो. म्हणजे तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाचा खेळ पाहून स्पेनमधला स्काउट अगदी वेडा झाला, तरी त्याला मुलाची नोंदणी करता येणार नाही. हे त्याला माहीत असतं, सहल काढणाऱ्याला माहीत असतं. पत्रकावर तेवढं छापायचं राहून जातं.

नियम कागदावरच असतात अशी आपल्याकडची समजूत इथे चालत नाही. 2014 मध्ये फिफाने याच कलमाखाली बार्सिलोनासारख्या क्लबवर दोन ‘ट्रान्सफर विंडो’ची, म्हणजे खेळाडू घेण्याच्या दोन ठरावीक मुदतींची, खरेदीबंदी घातली, 2016 मध्ये रेआल माद्रिद आणि ॲटलेटिको माद्रिदवरही कारवाई झाली. त्यात भरडला गेलेला एक मुलगा लॉस एंजेलिसचा होता. बेन लेडरमन 2011 मध्ये कुटुंबासह बार्सिलोनाला गेला, ला मासियात, म्हणजे बार्सिलोना क्लबच्या युवा ॲकॅडमीत, दाखल झालेला पहिला अमेरिकन म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि मग फिफाचा बडगा आल्यावर सराव करायचा पण अधिकृत सामना खेळायचा नाही अशी त्याची अवस्था झाली. वाढीच्या ऐन वयात. पुढे तो पोलंडमध्ये राकूव चेन्स्तोहोवाकडून खेळला, 2023 मध्ये तिथल्या लीगचा विजेता झाला. चांगलंच झालं. पण ज्या दारातून त्याला आत घेतलं होतं, त्या दाराने काही त्याला तिथे पोचवलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग पुलिसिक कसा गेला? पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शीचा क्रिस्चियन पुलिसिक सोळाव्या वर्षी जर्मनीतल्या बोरुसिया डॉर्टमुंडला गेला, सतराव्या वर्षी, जानेवारी 2016 मध्ये, बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या लीगमध्ये, उतरला. त्याच्या पायात जादू होती हे खरंच, पण आजोबा क्रोएशियाचे होते आणि त्यामुळे हातात क्रोएशियाचा पासपोर्ट होता, हेही तितकंच खरं. वडील स्वतः व्यावसायिक खेळाडू आणि कोच. ते त्याच्याबरोबर जर्मनीत जाऊन राहिले. ज्याच्याकडे असा पासपोर्ट नाही त्याचं वेळापत्रक लाँग आयलंडच्या जो स्कॅलीसारखं असतं. जर्मनीतल्याच बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखशी त्याचं 2019 मध्येच ठरलं होतं, पण तो गेला अठरा पूर्ण झाल्यावर, 2021 च्या जानेवारीत. टेक्सासचा वेस्टन मॅकेनीही अठरा झाल्यावरच जर्मनीतल्या शाल्के क्लबचा खेळाडू झाला. तोवर ही मुलं काय करत होती? आपापल्या गावाजवळच्या ॲकॅडमीत मोठ्या मुलांच्या अंगावर जाऊन खेळत होती.

पासपोर्टचा विषय निघालाच आहे तर थोडं रेंगाळतो, कारण आपल्या घरांमध्ये त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलांकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड असतं. युरोपातल्या नोंदणीसाठी दोन्हींचा उपयोग शून्य. एक अपवाद मात्र खरोखर आपल्या दारातला आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या कितीतरी घरांत आजी पेडण्याची किंवा म्हापशाची असते. अशा घरातल्या मुलासाठी युरोप सोळाव्या वर्षी उघडू शकतो. पण जपून. कागदपत्रांची ही वाट लांबलचक आहे, आणि ती बहुधा आई किंवा वडिलांच्या नोंदणीवरून जाते. त्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तो जाईल, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मुलाला शाळेच्या टीममध्येही पूर्ण सामना खेळायला मिळत नसताना हे उपद्व्याप करू नका.

दुसरी गोष्ट ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्यांसाठी. ती फार कमी लोक बोलतात. मूल भारतात जन्मलेलं असेल आणि एच-4 वर, म्हणजे आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल, तर त्याला अमेरिकेत पगार घेता येत नाही. व्यावसायिक करार म्हणजे नोकरीच. त्यामुळे सोळा-सतराव्या वर्षी इथल्या क्लबने करार पुढे केला, तरी आधी वकील गाठावा लागेल. एकविसाव्या वर्षी एच-4 संपतो हे वेगळं सांगायला नको, ती धास्ती घरोघरी आहे. अशा मुलाच्या बाबतीत कॉलेजची स्कॉलरशिप हा दुय्यम पर्याय समजू नका, तोच बहुतेकदा शहाणपणाचा रस्ता असतो.

आता पैशाकडे वळतो. अमेरिकेतला क्लब तुमच्याकडून वर्षाला हजारो डॉलर का घेतो आणि जर्मनीतल्या खेड्यातला क्लब नाममात्र वर्गणीत कसा भागवतो, याचं उत्तर फक्त लोभ नाही. फिफाचा एक नियम आहे. खेळाडू करार चालू असताना एका क्लबातून परदेशातल्या दुसऱ्या क्लबात विकला गेला की त्या रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांच्यात वाटले जातात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक हंगामाला एकूण रकमेच्या पाव टक्का मिळतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण चेल्सीने 2019 मध्ये पुलिसिकसाठी 6 कोटी 40 लाख युरो मोजले. त्याचा पाव टक्का म्हणजे 1 लाख 60 हजार युरो, तेही एका हंगामाचे. लहान क्लबला एवढ्यात कितीतरी वर्षांची बेगमी होते. त्यामुळे तिथल्या क्लबला एक चांगला मुलगा घडवण्यात स्वतःचा स्वार्थ दिसतो.

अमेरिकेत हा नियम कित्येक वर्षं लागूच केला गेला नाही. स्पर्धाविषयक कायद्याच्या अडचणी पुढे केल्या गेल्या. सिॲटलजवळच्या आणि डॅलसच्या युवा क्लबांनी येडलिन आणि डेम्प्सी या आपल्याकडे घडलेल्या अमेरिकन खेळाडूंच्या बदल्यांतला आपला वाटा मागितला, तेव्हा प्रकरण फिफाच्या दारात गेलं. एमएलएसने, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक लीगने, 2019 मध्ये भूमिका बदलली आणि आपल्या ॲकॅडम्यांसाठी हा पैसा मागायला सुरुवात केली. पण तुमच्या गावातल्या क्लबच्या हिशेबात अजूनही एकच जमेची बाजू आहे, ती म्हणजे तुम्ही. मग क्लब तुम्हाला जे आवडतं ते विकणार. रविवारी करंडक आवडतो, तर मोठी, धिप्पाड मुलं घेऊन लांब चेंडू मारत जिंकून देणार. युरोप आवडतो, तर युरोप. यात कोचचा दोष म्हणाल तर थोडाच. त्यालाही घरभाडं भरायचं असतं.

म्हणून मुलगा खरंच वेगळा असेल, कोच नव्हे तर विरुद्ध टीमचा कोच येऊन तुम्हाला तसं सांगत असेल, तर आधी जवळच्या एमएलएस क्लबच्या स्वतःच्या ॲकॅडमीचं दार ठोठवा. बहुतेक एमएलएस ॲकॅडम्या मुलांकडून फी घेत नाहीत. इथे एक मेख लक्षात ठेवा. 2020 मध्ये जुनी डेव्हलपमेंट अकॅडमी ही देशपातळीवरची युवा लीग बंद झाल्यावर ‘एमएलएस नेक्स्ट’ सुरू झालं. त्यात एमएलएस क्लबांबरोबर फी घेणारे अनेक खासगी क्लबही आहेत. बाहीवर तोच बिल्ला असतो, पावती मात्र तुमच्या नावाने फाटते.

फिलाडेल्फिया युनियनकडे बघा, आपल्या न्यू जर्सीच्या दक्षिण भागातल्या लोकांना ते जवळच आहे. त्यांनी ॲकॅडमीला जोडून शाळाच काढली, त्यामुळे सकाळी सराव, मग वर्ग, मग पुन्हा मैदान असं मुलांना जमतं. मेडफर्डचा ब्रेंडन ॲरनसन तिथूनच पुढे आला. अंगाने किरकोळ पोरगा, अनेक क्लबांनी आकार पाहूनच वगळला असता. युनियनने मोठ्यांच्या टीममध्ये खेळवला, आणि जानेवारी 2021 मध्ये तो ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग क्लबला गेला. त्याच ॲकॅडमीचा कॅव्हन सुलिव्हन 17 जुलै 2024 रोजी चौदाव्या वर्षी एमएलएसमध्ये उतरला आणि फ्रेडी अडूचा सर्वांत लहान खेळाडूचा विक्रम मोडला. त्याच्या आईकडून बांगलादेशी आणि जर्मन असा दोन्ही वारसा आहे. मँचेस्टर सिटीने त्याला आधीच बांधून ठेवलंय, पण तोही सध्याच्या नियमाने इंग्लंडमध्ये अठरापूर्वी खेळू शकत नाही. ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, इंग्लिश क्लबांना परदेशातली अठराखालची मुलं घेताच येत नाहीत. जर्मनीत परदेशी खेळाडूंच्या संख्येवर तशी मर्यादा नाही, म्हणून एवढी अमेरिकन पोरं बुंडेसलिगात दिसतात. नेदरलँड्समध्ये युरोपबाहेरच्या, विशी ओलांडलेल्या खेळाडूला लीगच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त वेतन देणं सक्तीचं आहे. तिथल्या लहान क्लबला तुमचं पोर आवडलं तरी परवडत नाही. ‘युरोप’ नावाचा एकच दरवाजा नाही, प्रत्येक देशाचं कुलूप निराळं आहे.

अडूचं नाव घेतलं म्हणून आठवलं. 2004 मध्ये चौदाव्या वर्षी त्याला पुढचा पेले ठरवून मोकळं झालेलं हे जग. नंतर पोर्तुगालचा बेन्फिका क्लब झाला, मग या देशातून त्या देशात भटकंती. चौदाव्या वर्षी कुणाचं काय होणार हे कुणालाच सांगता येत नाही, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलाय. भारतात 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला. 6 ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेने भारताला 3-0 हरवलं. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्यामुळे आमच्याकडे पेठापेठांतल्या तालमींमध्ये टीव्हीसमोर गर्दी. पुढे हीच अमेरिकन मुलं नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर कोलंबियाकडून 3-1 हरली, पॅराग्वेला पाच गोल मारून आली, आणि मडगावच्या फातोर्ड्याला इंग्लंडने त्यांना 4-1 घरी पाठवलं. गंमत म्हणजे त्याच महिन्यात, 10 ऑक्टोबरला, त्यांचा मोठा संघ त्रिनिदादमध्ये हरून 2018 च्या विश्वचषकाला मुकला होता. त्यामुळे सगळ्या अमेरिकेच्या आशा या पोरांवर. त्यातले जॉश सार्जंट, टिम वेया आणि सर्जिन्यो डेस्ट 2022 मध्ये कतारला गेले. वेया तेव्हाच पॅरिसच्या क्लबात होता, डेस्ट तर जन्मापासून नेदरलँड्सचा. ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त लिहून येत होतं तो अँड्रू कार्लटन, दिल्लीत गोल मारणारा, युरोपातल्या मोठ्या लीगपर्यंत पोचला नाही. क्रिस डर्किनने त्याच दिवशी गोल मारला होता. तो बेल्जियममध्ये सिंट-ट्रॉयडनकडून खेळला आणि परत अमेरिकेत आला. देशातली निवडक मुलं ही. त्यांचंही असं.

आणि ज्यांना कुणी निवडलं नव्हतं त्यांचं? न्यू जर्सीच्याच पार्क रिजचा मॅट टर्नर हायस्कूलमध्ये असताना गोलकीपिंगकडे गंभीरपणे वळला. फेअरफील्ड युनिव्हर्सिटीत शिकला, एमएलएसच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब कॉलेजातले खेळाडू निवडतात तिथे, त्याला कुणीच घेतलं नाही. 2022 मध्ये तो आर्सेनलमध्ये होता आणि कतारमध्ये अमेरिकेच्या गोलसमोर. अलाबामाच्या क्रिस रिचर्ड्सला एफसी डॅलसने आधी नाकारलं. तो ह्यूस्टनच्या क्लबात गेला, मग डॅलसनेच घेतला, तिथून बायर्न म्युनिक, आणि 2025 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या बचावफळीत उभा राहून त्याने एफए कप उचलला. टिम रीम चार वर्षं सेंट लुईसला कॉलेज करून एमएलएसमध्ये खेळला, मग इंग्लंडला गेला आणि एक तप तिथे खेळला. अठराव्या वर्षी कॉलेजला गेलेलं मूल संपलं, असं तुम्हाला सांगणाऱ्याकडे बहुधा विकायला काहीतरी असतं.

मुलींचं गणित वेगळं आहे, आणि खरं तर बरं आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांनी आणि लीगने तयार केलेल्या मुली युरोपच मागून नेतो. नेओमी गिर्मा स्टॅनफर्डला शिकली, सॅन डिएगोकडून खेळली आणि जानेवारी 2025 मध्ये चेल्सीने तिच्यासाठी दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. महिला फुटबॉलमध्ये तोवर असं झालं नव्हतं. तिचे आईवडील इथिओपियातून आलेले, सॅन होजेत राहणारे. तिचं पहिलं फुटबॉल क्लबमध्ये नव्हे, इथिओपियन कुटुंबांनी शनिवार-रविवारी एकत्र जमून मुलांसाठी चालवलेल्या खेळात झालं. हे वाचल्यावर मला आपली रविवारची मराठी शाळा आठवली.

कारण माझ्याकडे येणाऱ्या मुलांना कशाची कमतरता असते म्हणाल तर कोचिंगची नाही. मंगळवार-गुरुवार क्लब, बुधवारी खासगी ट्रेनर, शनिवारी सामना. सगळं कुणीतरी सांगितलेलं, आखलेलं, शिटीवर चालणारं. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे हे पाहणं, पहिल्याच स्पर्शाला चेंडू मोकळ्या बाजूला काढणं, स्वतःहून मोठ्या आणि आडदांड मुलाला हूल देणं, हे शंकू मांडून येत नाही. कोल्हापुरात आम्ही गल्लीत सातवीतली पोरं कॉलेजच्या पोरांत खेळायचो, चपला म्हणजे गोलपोस्ट, आणि हरलं की बाहेर. बाहेर बसायचं नसेल तर डोकं चालवायलाच लागायचं. मराठी शाळा सुटल्यावर त्याच शाळेच्या मैदानावर दोन तास चेंडू सोडून द्या. आठ ते अठरा सगळे एकत्र, मुलं-मुली एकत्र, आईबाबांनी बाजूला बसून चहा प्यावा आणि कृपया गप्प बसावं. मंडळाने फक्त विमा आणि मैदानाची परवानगी बघावी. हा प्रस्ताव मी आमच्या मंडळात मांडलाय. अजून कार्यकारिणीच्या चर्चेत आहे, आणि आपल्या कार्यकारिणी तुम्हाला माहीत आहेतच.

एजंटांबद्दल एवढंच. 2023 पासून फिफाच्या नव्या नियमांत परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. अल्पवयीन मुलांसाठी काम करायचं तर वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो, आईवडिलांची लेखी संमती लागते, आणि मूल त्या देशात पहिला व्यावसायिक करार करण्याच्या वयाला येण्याआधी सहा महिन्यांपेक्षा लवकर एजंटने तुमच्याशी बोलायलाही येता कामा नये. तेरा वर्षांच्या मुलाच्या सामन्यानंतर पार्किंगमध्ये कुणी कार्ड पुढे केलं तर हे त्याला ऐकवा.

तेव्हा पुढचं पत्रक ग्रुपवर आलं की तुमच्यापैकी कुणीतरी त्या संयोजकाला ईमेलवर विचारा : तुमच्या सहलीतून गेलेल्या कोणत्या मुलाची, कोणत्या वर्षी, कोणत्या क्लबात नोंदणी झाली, आणि एकोणिसाव्या कलमातल्या कोणत्या अपवादाखाली झाली? त्या क्लबने मुलाला किती पैसे दिले, की त्यानेच क्लबला दिले? ज्या ‘नामांकित क्लब’चं मैदान आहे, त्याचा स्वतःचा युवा कोच तिथे येणार आहे, की मैदान भाड्याने घेतलंय? उत्तर आलं तर ग्रुपवर टाका. नाही आलं तर तेही टाका. आणि तरीही मुलाला स्पेन दाखवायचा असेल तर स्वतःच घेऊन जा, स्वस्तात पडेल, आणि एखाद्या खालच्या डिव्हिजनचा सामना तिकीट काढून नक्की दाखवा. तिथली सतरा वर्षांची पोरं किती वेगाने निर्णय घेतात ते त्याला स्टँडमधून जास्त नीट दिसेल.

आपला,
न्यू जर्सीतला एक मराठी कोच